तापत्या समुद्रातली भूक

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर, सिडनी आणि ब्रिस्बेन यांच्या दरम्यान, कॉफ्स हार्बर नावाचं शहर आहे. समोरच्या समुद्रात सॉलिटरी बेटांचं राखीव सागरी क्षेत्र आहे. २००२ पासून तिथे संशोधक आमिष लावलेले कॅमेरे तळाशी सोडून माशांची मोजदाद करत होते. कोणत्या जातीचे किती मासे आमिषापाशी आले, एवढंच त्यांना पाहायचं होतं. पुढे न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या अ‍ॅड्रियाना व्हर्गेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच चित्रफिती पुन्हा तपासल्या. या वेळी त्यांचं लक्ष माशांच्या मागे दिसणाऱ्या झाडीकडे होतं.

ही झाडी केल्पची. केल्प म्हणजे खडकाला घट्ट धरून वाढणारं, तपकिरी, चिवट पात्यांचं मोठं समुद्रशैवाल. सुरुवातीच्या फितींमध्ये ते दाट दिसत होतं. वर्षं सरत गेली तशा पात्यांच्या कडा कुरतडलेल्या दिसू लागल्या. दशकभरात चावल्याच्या खुणा असलेल्या केल्पचं प्रमाण सातपट झालं. याच काळात उष्ण कटिबंधातल्या माशांचा वाटा १० टक्क्यांच्या आतून ३० टक्क्यांच्या वर गेला. शेवटी, जिथे जिथे केल्प होतं तिथून ते नाहीसं झालं. या सगळ्या काळात पाणी तापलं होतं फक्त ०.६ अंश सेल्सियसने.

एवढ्याशा वाढीने केल्प होरपळून मेलं असं म्हणता येत नाही. ते खाल्लं गेलं. संशोधकांनी बाहेरून केल्प आणून त्या खडकांवर लावून पाहिलं, तर माशांनी तेही फस्त केलं. २०१६ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं आणि समुद्राच्या तापण्याकडे पाहण्याची एक नवी दिशा मिळाली. तापमानवाढ म्हटलं की आपल्याला वितळणारा बर्फ, चढणारं पाणी आणि चक्रीवादळं आठवतात. पण पाण्यातला अर्धा-एक अंश कोण काय खातो, किती खातो, वर्षातले किती महिने खातो आणि किती लांबवर जाऊन खातो, हेही बदलून टाकतो. समुद्राचा तळ जंगलाचा राहणार की उघडा पडणार, हे पुष्कळदा या खाण्यावरच ठरतं.

पोटातलं गणित

बहुतेक सगळे मासे बाहेरच्या पाण्याच्या तापमानाला जगतात. पाणी २० अंशांचं असेल तर माशाचं अंगही जवळपास तितकंच. शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग तापमानाबरोबर वाढतो. ढोबळमानाने १० अंशांच्या वाढीत तो दुप्पट किंवा थोडा जास्त होतो. म्हणजे ऊब वाढली की माशाचा नुसता जगण्याचा खर्चही वाढतो आणि तो भरून काढायला जास्त खावं लागतं.

हे सगळ्याच माशांना लागू आहे. शाकाहारी माशांची गोष्ट मात्र आणखी एक पाऊल पुढे जाते. मांस पचवणं सोपं, शैवाल पचवणं अवघड. शैवालात प्रथिनं कमी, आणि त्याच्या पेशींच्या भिंती फोडायला वेळ लागतो. म्हणून शाकाहारी माशांची आतडी लांबच लांब असतात. कायफोसस गटातले मासे तर आतड्याच्या शेवटच्या भागात जिवाणूंचा मोठा साठा बाळगतात. हे जिवाणू शैवाल आंबवतात आणि त्यातून निघणारी आम्लं माशाला ऊर्जा पुरवतात. आंबवण्याच्या कामाला ऊब लागते, हे आपल्या स्वयंपाकघरात कुणालाही सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात दुपारपर्यंत लागणारं विरजण पौषात रात्रभर ठेवलं तरी पातळच राहतं. माशाच्या पोटातही तेच. थंड पाण्यात शैवालाचा घास फार सावकाश पचतो, आणि तो पचेपर्यंत पुढचा घास घेता येत नाही.

जगाच्या नकाशावर माशांच्या खाण्याची मांडणी पाहिली की हे गणित उमगतं. विषुववृत्ताच्या आसपासच्या समुद्रांत शैवाल खाणाऱ्या माशांची रेलचेल आहे: पोपटमासे, सर्जनफिश, रॅबिटफिश. ध्रुवांकडे जावं तसे ते विरळ होत जातात. थंड समुद्रांत शैवाल कुरतडण्याचं काम मुख्यतः समुद्री साळिंदर म्हणता येतील असे काटेरी अर्चिन, शंखातले जीव आणि लहान कवचधारी करतात. पचनाची अडचण हे यामागचं एकमेव कारण आहे की नाही यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. तापमानाचा हात त्यात आहे, याचे पुरावे मात्र भक्कम आहेत.

कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर ओपलआय नावाचा एक मिश्राहारी मासा मिळतो. शैवालही खातो, बारीक प्राणीही खातो. मायकल बेहरेन्स आणि केविन लॅफर्टी यांनी या किनाऱ्यावर वेगवेगळ्या ठिकाणचे ओपलआय पकडून त्यांच्या पोटात काय आहे ते तपासलं. दक्षिणेच्या उबदार पाण्यातल्या माशांच्या आहारात शैवालाचा वाटा मोठा निघाला. जात एकच, पाणी बदललं आणि ताट बदललं. समुद्र तापत असताना याचा अर्थ मोठा आहे. जे मासे आज दोन्ही खातात, ते उद्या जास्त शाकाहारी होऊ शकतात.

उपवासाचे महिने

जपानच्या किनाऱ्यावरचे कोळी एका संकटाला पिढ्यान्‌पिढ्या ‘इसोयाके’ म्हणत आले आहेत. खडकांवरची समुद्रझाडी नाहीशी होऊन तळ उघडा पडतो, आणि त्या झाडीत वाढणारे अबलोनसारखे मौल्यवान शंखही जातात. याची कारणं अनेक आहेत आणि काटेरी अर्चिन त्यात जुने गुन्हेगार आहेत. मात्र दक्षिण आणि पश्चिम जपानमध्ये गेल्या काही दशकांत माशांचं नाव पुढे आलं आहे. आइगो हा रॅबिटफिश, बुदाई हा पोपटमाशांपैकी एक आणि इसुझुमी हा कायफोसस, हे तिघे त्यातले प्रमुख.

हे मासे तिथे नवखे नाहीत. आइगो जपानच्या पाण्यात पूर्वीपासून आहे. बदललंय त्याचं वेळापत्रक. उन्हाळ्यात आणि शरदात त्याची भूक जोरात असते. पाणी गार झालं की तो सुस्तावतो आणि खाणं जवळजवळ थांबवतो. समुद्रझाडीला नेमका हाच काळ लागतो: हिवाळ्यात नवे कोंब फुटतात, वसंतापर्यंत पाती भरतात. माशाचा उपवास आणि झाडाची वाढ यांची सांगड बसलेली होती. आता शरद लांबतो, हिवाळ्यातलं पाणी पूर्वीइतकं गार होत नाही, आणि उपवासाचे महिने घटतात. कोंब वर येतो न येतो तोच खाल्ला जातो.

मला या संपूर्ण विषयातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. सरासरी तापमान एक अंशाने वाढलं, असं आपण वाचतो आणि पुढे जातो. वनस्पतीच्या दृष्टीने त्या एका अंशाचा अर्थ विश्रांतीचे काही आठवडे कमी होणं, असा असतो. गायरानावर वर्षभर गुरं सोडली तर काय होतं, हे आपल्या गावांना ठाऊक आहे.

सुएझच्या वाटेने

१८६९ साली सुएझ कालवा खुला झाला आणि तांबडा समुद्र भूमध्य समुद्राला जोडला गेला. त्या वाटेने शेकडो जाती पलीकडे गेल्या. त्यांत रॅबिटफिशच्या दोन जाती होत्या: सिगॅनस रिव्ह्युलेटस आणि सिगॅनस ल्युरिडस. पहिली १९२० च्या दशकात पूर्व भूमध्यात नोंदली गेली, दुसरी १९५० च्या दशकात.

हा मासा हातात घेऊन पाहिला तर फार मोठा नाही. ताटात मावेल एवढा. अंग चपटं, खवले अगदी बारीक, तोंड इवलंसं आणि ओठ जाड, म्हणून सशाचं नाव त्याला मिळालं. पाठीवर तेरा काटे, शेपटीकडे पोटाखाली सात, आणि पोटावरच्या दोन्ही परांना दोन-दोन. सगळे विषारी. जाळ्यातून सोडवताना एक जरी टोचला तरी ठणका लागतो. निमुळतं तोंड हेच त्याचं खरं हत्यार. रुंद जबड्याच्या माशाला जिथे शिरता येत नाही त्या खडकांच्या फटीतलं शैवालही तो ओढून काढतो.

भूमध्य समुद्राला शाकाहारी मासे अगदीच नवीन नव्हते, पण तिथे स्थानिक जाती दोनच महत्त्वाच्या होत्या: सार्पा आणि तिथला पोपटमासा. रॅबिटफिश आल्यावर खाण्याची पद्धत बदलली. वाढलेली झाडी एकाने खायची, खडकावरचं आखूड शेवाळ त्यातल्या रोपांसकट दुसऱ्याने खरवडायचं, अशी कामाची वाटणीच झाली. जुनी झाडं जातात आणि त्यांच्या जागी येणारी रोपं वाढतच नाहीत. ग्रीस आणि तुर्कस्तानच्या सुमारे १,००० किलोमीटर किनाऱ्याची पाहणी करून व्हर्गेस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये याचा हिशेब मांडला. जिथे रॅबिटफिश मुबलक होते तिथे मोठी शैवालं ६५ टक्क्यांनी कमी, इतर शैवालं आणि तळाशी राहणारे अपृष्ठवंशी जीव ६० टक्क्यांनी कमी, आणि एकूण जातींची संख्या ४० टक्क्यांनी कमी आढळली.

कालव्याने या माशांना वाट दिली. पश्चिमेकडे किती जायचं, हे आजवर हिवाळ्यातलं गार पाणी ठरवत होतं. ती सीमा आता सरकते आहे. सिगॅनस ल्युरिडस इटली आणि फ्रान्सच्या किनाऱ्यापर्यंत नोंदला गेला आहे.

लाट ओसरली, झाडी परतली नाही

पश्चिम ऑस्ट्रेलियाने याच गोष्टीचं झटपट रूप पाहिलं. २०११ च्या सुरुवातीला तिथल्या किनाऱ्यावर समुद्री उष्णतेची लाट आली. अनेक आठवडे पाणी नेहमीपेक्षा दोन ते चार अंश गरम राहिलं. इथे उष्णतेने केल्प थेट मेलं. त्याच्या जंगलाची उत्तरेची हद्द सुमारे १०० किलोमीटर दक्षिणेला सरकली. लाट ओसरली, पाणी पूर्वपदावर आलं, पण केल्प आलं नाही. रिकाम्या खडकांवर आखूड शेवाळाचं गवत माजलं आणि उत्तरेकडून आलेले रॅबिटफिश व कायफोसस तिथे चरत राहिले. नव्या केल्पला डोकं वर काढायला त्यांनी उसंत दिली नाही. उष्णतेने जंगल पाडलं आणि माशांनी ते पडलेलंच ठेवलं.

तेच तोंड, वेगळं काम

इथवर वाचून शाकाहारी मासा म्हणजे खलनायक वाटेल. प्रवाळाच्या बेटांवर हाच मासा राखणदार असतो.

प्रवाळ आणि शैवाल यांची जागेसाठी कायमची चढाओढ असते. पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्या अंगातली सूक्ष्म शैवालं बाहेर टाकतो, पांढरा पडतो, आणि ताप टिकला तर मरतो. मेलेल्या सांगाड्यावर शेवाळ पसरतं. ते तसंच वाढू दिलं तर नव्या प्रवाळाला चिकटायला जागा उरत नाही. पोपटमाशांचे दात जुळून चोच झालेली असते. त्या चोचीने ते मृत प्रवाळाचा पृष्ठभाग खरवडतात, त्यावरचे आणि त्यातले सूक्ष्मजीव खातात आणि जागा स्वच्छ करतात. घशातल्या दुसऱ्या दातांनी चुनखडी दळली जाते आणि बाहेर पडते ती पांढरी वाळू. मालदीवमधल्या वक्कारू बेटाभोवती केलेल्या अभ्यासात, बेट घडवणाऱ्या नव्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाळू पोपटमाशांकडून आल्याचं दिसलं. ज्या किनाऱ्यावर पर्यटक चालतात, तो मोठ्या प्रमाणात माशांच्या पोटातून आलेला असतो.

२०१६ च्या प्रचंड प्रवाळ-मृत्यूनंतर हिंदी महासागरातल्या चागोस बेटांजवळ आणि ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर पोपटमाशांची संख्या दोन ते आठ पटींनी वाढली, आणि मासे आकारानेही मोठे झाले. मेलेल्या प्रवाळावर त्यांना भरपूर चारा मिळाला होता. सेशेल्समध्ये १९९८ च्या आपत्तीनंतर काही प्रवाळखडकांचं रूपांतर शैवालाच्या रानात झालं. तिथले शाकाहारी मासे लोह आणि जस्त यांनी समृद्ध असल्याचं पुढच्या अभ्यासात आढळलं. म्हणजे प्रवाळ हरवल्यावरही बेटावरच्या माणसांच्या ताटात पोषण येत राहिलं, ते या माशांमुळे.

या वाढत्या भुकेलाही एक छत आहे. प्रत्येक जातीला सोसवेल असं एक कमाल तापमान असतं. तिथपर्यंत भूक वाढते. पुढे गरम पाण्यातला प्राणवायू कमी पडतो, शरीर थकतं आणि खाणं झपाट्याने घटतं. समशीतोष्ण समुद्रातल्या पाहुण्या माशांना हे छत अजून दूर आहे. विषुववृत्ताजवळचे मासे मात्र आधीच त्याच्या जवळ जगतात. त्यामुळे तापत्या जगात एक विपरीत चित्र उभं राहू शकतं: केल्पच्या समुद्रात चरणं वाढतं, आणि प्रवाळाला जिथे चरणाऱ्यांची गरज आहे तिथे ते मंदावतं.

आपल्या दारातला समुद्र

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं आहे की १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचं उन्हाळी तापमान सुमारे १.२ अंशांनी वाढलं. इतर उष्णकटिबंधीय समुद्रांपेक्षा ही वाढ वेगवान आहे.

या समुद्रात लक्षद्वीप आहे. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये तिथले प्रवाळ पांढरे पडले. १९९८ नंतर काही प्रवाळखडक सावरले, आणि त्यात शाकाहारी माशांचा हातभार होता. ते मासे तिथे शिल्लक होते, कारण लक्षद्वीपचे कोळी परंपरेने खोल पाण्यात जाऊन काठीने आणि गळाने कुपा पकडतात. प्रवाळातले मासे त्यांनी फारसे उपसले नव्हते. आता प्रवाळातल्या माशांनाही बाजार मिळू लागला आहे. मालवणच्या सागरी अभयारण्यातही, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, प्रवाळ आहे. तो पांढरा पडल्याची नोंद गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी गेल्या दशकात केली आहे.

कोकणातल्या घरात शिजणारा शाकाहारी मासा मात्र तारली. तारलीच्या कल्ल्यांच्या आत कंगव्यासारखे बारीक दाते असतात. तोंड उघडून पोहताना त्यांतून पाणी गाळून ती सूक्ष्म वनस्पती, मुख्यतः डायटम, खाते. पूर्वी तारलीचं खरं घर केरळ आणि दक्षिण कर्नाटकाचा किनारा होतं. कोची इथल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या अभ्यासानुसार गेल्या काही दशकांत ती उत्तरेला आपल्या किनाऱ्याकडे आणि पूर्वेला बंगालच्या उपसागरात पसरली आहे. रापणीला लागणाऱ्या तारलीच्या मागे तापत्या पाण्याचं हे कारणही आहे.

यात आनंद मानावा, तर दुसरीकडे तिचं अन्नच बदलतंय. अरबी समुद्राच्या उत्तर भागात हिवाळ्यात पूर्वी डायटम फुलायचे. या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे नॉक्टिल्युका या हिरव्या सूक्ष्मजीवाचा जोर वाढला. रात्री लाटांवर निळी चमक दिसते ती यानेच. पाहायला सुंदर, पण माशांच्या दृष्टीने तो कुचकामी. तो मुख्यतः जेलीफिश आणि सॅल्प यांच्या उपयोगाचा. पाण्याचे थर तापून एकमेकांत मिसळेनासे झाले, की तळातलं खत वर येत नाही, डायटम मागे पडतात आणि नॉक्टिल्युकासारख्या जीवांना मोकळं रान मिळतं. तारली उत्तरेला आली तरी तिचं ताट भरलेलं राहीलच, याची हमी नाही.

काय करता येईल

सगळ्या समुद्रांना एकच उपाय लागू पडत नाही. पूर्व भूमध्यात रॅबिटफिश जितका खाल्ला जाईल तितकं चांगलं. सायप्रस आणि लेबनॉनमध्ये त्याला चांगलं गिऱ्हाईक आहे, तसं ते ग्रीस आणि तुर्कस्तानमध्ये वाढवायला हवं. जपानमध्ये आइगो आणि इसुझुमी यांना वास येतो म्हणून लोक टाळत. आता पकडल्याबरोबर साफ करून त्यांचे पदार्थ बाजारात आणण्याचे प्रयत्न चालले आहेत. प्रवाळाच्या प्रदेशात नेमकं उलट करायचं. मध्य अमेरिकेतल्या बेलिझ या देशाने २००९ मध्ये पोपटमासे आणि सर्जनफिश पकडण्यावर बंदी घातली. लक्षद्वीप आणि अंदमानसाठी असा विचार आत्ताच व्हायला हवा, मासे संपल्यावर नव्हे.

हे सारे उपाय वेळ मिळवून देतात, इतकंच. मूळ दुखणं पाण्यातल्या उष्णतेचं आहे. आपण हवेत सोडलेल्या वायूंनी अडवलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्राने पोटात घेतली आहे. कोळसा आणि तेल जाळणं कमी झाल्याशिवाय उपवासाचे ते थंड महिने झाडीला परत मिळणार नाहीत.

तोवर एक गोष्ट प्रत्येकाच्या हातात आहे. लक्षद्वीप, अंदमान किंवा मालदीवला फिरायला गेलात आणि ताटात पोपटमासा वाढला गेला, तर तो नको म्हणा आणि का नको तेही सांगा. त्याऐवजी गळाने पकडलेला कुपा मागा. कोकणात तारली, बांगडा हंगामात खा आणि पावसाळी मासेमारीबंदीचा काळ पाळणाऱ्या कोळ्याकडूनच घ्या. समुद्रात कोणते मासे चरायला शिल्लक राहतात, ते आपण काय विकत घेतो यावरही ठरतं.